घर डीपीच्या जवळ का दूर?

या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा माझ्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तुम्हाला कापसात गुंडाळलेला एक जुना काचेचा बल्ब सापडला. धाकटीने तो कानाशी नेऊन हलवून पाहिला. थोरल्याने विचारलं, "आजी, फ्यूज झालेला बल्ब कशाला जपून ठेवलास?" तो फ्यूज झालेला नाही, एवढंच मी म्हटलं. तुमच्या बॅगा भरायच्या चालल्या होत्या आणि बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. पुढचं सांगायचं राहिलं. फोनवर इतकी मोठी गोष्ट सांगता येत नाही, मध्येच आवाज तुटतो. म्हणून लिहिते.

एलईडी घरोघरी यायच्या थोड्या आधीची ही गोष्ट. तेव्हा बल्ब म्हणजे काचेचा फुगा, आत केसाएवढी तार, आणि खाली पातळ पत्र्याची टोपी. तार तापून पांढरी झाली की उजेड पडायचा. तार तुटली की बल्ब गेला. एवढं साधं ते यंत्र होतं.

मी शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि वह्या तपासताना तारीख घालायची सवय मला इतकी लागली की घरातल्या प्रत्येक वस्तूवर मी तारीख घालू लागले. लोणच्याच्या बरणीवर, छत्रीच्या दांड्यावर, कुकरच्या रबरी रिंगवर. तुमचे आजोबा म्हणायचे, "माझ्यावर लग्नाची तारीख कोरली नाहीस, नशीब." बल्बवर शाई टिकत नाही, उष्णतेने उडून जाते. म्हणून बल्ब लावायच्या आधी मी दाभणाच्या टोकाने त्याच्या टोपीवर तारीख कोरत असे. खोकं आणल्याची तारीख टोपीच्या एका बाजूला आणि तो बल्ब लावल्याची दुसऱ्या बाजूला.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी मंगरूळपीरच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दहा बल्बचं खोकं आणलं. दुकान एका मुस्लिम मिस्त्रींचं. त्यांचे वडील दर्ग्याच्या रस्त्यावर कंदील दुरुस्त करायचे. मुलगा वायरिंग शिकला आणि त्याने दुकान घातलं. गावातल्या अर्ध्या पंख्यांची आतली तार त्यांच्या हाताने गुंडाळलेली. त्यांच्या तिन्ही मुली माझ्या हाताखाली शिकून गेल्या, त्यामुळे ते मला मॅडम म्हणत. सातवीपर्यंतच शिकले होते, पण मी तरी इतका नेटका कामगार पाहिलेला नाही. दुकानात तारेची वेटोळी जाडीप्रमाणे लावलेली, स्क्रू मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. मला हे आधीच कळायला हवं होतं. इतकं नीट ठेवणारा माणूस शिळा माल का विकेल?

पण बल्ब मरत होते. दिवाळीत लावलेला संक्रांतीला गेला. संक्रांतीला लावलेला होळीच्या आत गेला. स्वयंपाकघर, ओसरी, जिना, न्हाणीघर, कुठेच टिकेना. शिमग्यानंतर माझ्याकडे जोड्याच्या खोक्यात आठ मेलेले बल्ब जमले, प्रत्येकाच्या टोपीवर तारखा. शिक्षिकेच्या हातात लेखी पुरावा आला की ती काय करते ते तुमच्या आईला विचारा.

मी बाजाराच्याच दिवशी गेले. दुकानात शेलूबाजारचे दोन शेतकरी पंपाची केबल मापून घेत होते आणि आमच्या शाळेतले कारकून ट्यूबच्या स्टार्टरसाठी उभे होते. मी खोकं काउंटरवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मिस्त्री, हे बल्ब आहेत की फुलबाज्या? तुमच्यासारख्या माणसाने जुना पडलेला माल गळ्यात बांधावा?"

केबल मापणारे हात थांबले. एक शेतकरी हसला. "मॅडमनं तर हिशेबच आनला बापा!"

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी आधी स्टूल पुसून मला बसायला दिलं, मग खोक्यातला एकेक बल्ब उचलून दाराच्या उजेडाकडे धरला आणि फिरवून फिरवून पाहिला. वैद्य नाडी पाहतो तसा.

"मॅडम, बल्ब दोन तऱ्हेनं मरते," ते शेवटी म्हणाले. "एक म्हंजे जन्मताच खोट असते. काच नीट बसली नसन तर आत हवा घुसते, मंग आतून असा पांढरा धूर बसते. हा पाहा, हा पांढरा. हा माझा गुन्हा. याच्या बदली दुसरा घ्या." त्यांनी तो एक बाजूला काढला आणि तिथेच नवा माझ्यासमोर ठेवला. "पन हे सात पाहा. गळ्यापाशी काळे झाले. तार जास्त तापली, झिजली, अन् तिची काजळी काचेवर बसली. हे मेले नाईत, मॅडम. यायले मारलं."

"कोणी?"

"तुमच्या घरच्या लाइटनं. व्होल्टेज जास्त हाये तुमच्याकडं."

मला ते बहाण्यासारखं वाटलं. आमच्याकडे तर सगळं गाव व्होल्टेज कमी म्हणून ओरडायचं. मिक्सर गुरगुरतो पण फिरत नाही, पंखा पाहुण्यासारखा हळूहळू येतो, हीच तक्रार. मी म्हटलं, "कमी व्होल्टेजचं कारण ऐकलं होतं, जास्तीचं आजच ऐकते," आणि तो नवा बल्ब न घेताच, माझे आठही खोक्यात भरून उठले. कारकुनांनी हे सगळं ऐकलं होतं, त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. खरं तर थोडं बरंच वाटलं. बत्तीस वर्षं माझा शब्द गावात चालला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मिस्त्री स्वतः घरी आले. हातात काट्याचा मीटर होता. मी बोलावलं नव्हतं. तुमच्या आजोबांनी चहा ठेवायला सांगितला, मी नाइलाजाने ठेवला. मिस्त्रींनी ओसरीतल्या प्लगमध्ये मीटरची टोकं घातली आणि मला बोलावलं.

"इंग्लिश आकडे हायेत, मॅडम. तुमीच वाचा."

काटा दोनशे अठ्ठावन्नवर होता. मग त्यांनी बल्बच्या काचेवर छापलेला आकडा दाखवला: दोनशे तीस. मी तो बल्ब शंभरदा हातात घेतला होता, टोपीवर अक्षरं कोरली होती, पण काचेवर काय छापलंय ते कधी वाचलं नव्हतं. इंग्रजीच्या शिक्षिकेने.

"इतक्याशा फरकाने काय होतं?" मी विचारलं.

"उजेड वाढते, तुमाले बरं वाटते. पन तार हाये केसावानी. काटा हा एवढासा पुढं सरकला," त्यांनी नखभर अंतर दाखवलं, "का बल्बाची उमर निम्मी. अजून सरकला का तिच्याही निम्मी. उजेड वाढते चिमूटभर, अन् उमर कमी होते मूठमूठ."

मग त्यांनी मला अंगणात नेलं आणि आमच्या कुंपणापलीकडच्या खांबांकडे बोट दाखवलं. तिथे डीपी होती. ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात. तिथून निघालेली तार आधी आमच्या घरावर येई, मग कॉलनीतून, मग ओढ्यापलीकडे वस्तीत आणि शेवटी चारदोन शेतांतल्या पंपांवर. "शेवटच्याले पुरावं म्हनून पह्यल्याले जास्त देतेत," मिस्त्री म्हणाले. "पाटाच्या पान्यासारखं हाये. तोंडाशी जे वावर, ते बुडते. शेवटचं कोरडं राह्यते."

मला पटायला लागलं होतं, पण मी हट्टी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "हे तुमचं म्हणणं. मला पुरावा हवा. याच खोक्यातला, याच तारखेचा एखादा बल्ब कमी व्होल्टेजवर टिकलेला दाखवा, मग मानेन."

मिस्त्रींनी चहाची बशी खाली ठेवली. "दहाचं खोकं नेलं होतं तुमी. आठ वापस आनले. बाकीचे दोन कुठं हायेत?"

दोन बल्ब मी मावशीला दिले होते.

मावशी म्हणजे आपल्याकडे धुणं-भांडी करायला येणाऱ्या. वयाने माझ्याहून लहान, पण तुमची आई लहान असताना त्यांना मावशी म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच म्हणू लागलो. ओढ्यापलीकडच्या वस्तीत, तारेच्या अगदी शेवटच्या खांबाजवळ त्यांचं घर. मुलगा-सून वीटभट्टीवर जात आणि नववीतली नात मावशींजवळ राही. दिवाळीला मी मावशींना फराळाबरोबर त्या खोक्यातले दोन बल्ब दिले होते. त्यांच्याही टोपीवर खोक्याची तारीख कोरलेली होतीच. मी दुसऱ्याला देतानाही तारीख घालूनच देते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी, मिस्त्री आणि मावशी असे तिघं ओढा ओलांडून निघालो. वाटेत मावशी दोनदा काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. मिस्त्री मीटर घेऊन दहा पावलं पुढे गेले, तेव्हा मावशींनी माझा पदर हळूच ओढला.

"बाई, तुमी रागावसान. पन सांगतोच. मिस्त्रीचं शाळेचं काम गेलं."

"कोणतं काम?"

"शाळेचं सारं लाइटचं काम तेच करून राह्यले होते ना इतके वर्स. तुमी दुकानात बोलल्या, ते कारकुनानं शाळेत सांगतलं. आता हेडबाई म्हनते, माल चांगला नाई ठेवत, दुसऱ्याले देऊ. नात सांगत होती. परीक्षेचे पंखे-लाइट कारंज्याचा मानूस करून राह्यला."

मी पुढे चालणाऱ्या मिस्त्रींच्या पाठीकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या ओसरीत बसून चहा घेतला, मला पाटाच्या पाण्याची उपमा दिली, पण या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांना ठाऊक होतं का? मावशींना ठाऊक होतं म्हणजे त्यांना असणारच.

मावशींच्या घरात बल्ब लागलेला होता, पण आधी मला तो दिसलाच नाही. आढ्याला पिकलेल्या लिंबाएवढा पिवळा ठिपका, त्यातली तार नुसत्या डोळ्यांनी दिसत होती, तरी डोळे दिपत नव्हते. त्याखाली नात जमिनीवर पुस्तक ठेवून जवळजवळ त्यात नाक घालून बसली होती. मिस्त्रींनी मीटर लावला. मी वाचलं: एकशे अठ्ठ्याहत्तर. मग त्यांनी बटण बंद केलं, रुमालात धरून बल्ब फिरवून काढला आणि टोपी माझ्या डोळ्यांसमोर धरली. मी टॉर्च लावला. माझंच अक्षर होतं. तीच तारीख. काच आतून स्वच्छ, काजळीचा डाग नाही.

"अन् दुसरा?" मिस्त्रींनी विचारलं.

मावशींनी फळीवरून पुठ्ठ्याची डबी काढली. दुसरा बल्ब अजून डबीतच होता. "पह्यला जाईनच नाई, तं दुसरा लावू कायले?"

मला इतका आनंद झाला की मी बोलून गेले, "बघा मावशी, माझे आठ गेले आणि तुमचा एक अजून जिवंत! तुमचं नशीब थोर."

मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "काय थोर बाई? बल्ब टिकला. पोरीले अक्षर दिसत नाई."

नातीने मान वर केली नाही. मी तिथेच तिच्या शेजारी बसले, तिचं पुस्तक माझ्याकडे ओढलं आणि वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजीचाच धडा होता, मी स्वतः वीसेक वेळा शिकवलेला. पाठ होता म्हणूनच वाचता आला.

परत येताना ओढ्याजवळ मी मिस्त्रींना म्हटलं, "माझं चुकलं. तुमचं शाळेचं काम माझ्यामुळे गेलं, ते मला आत्ता कळलं. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुमाले व्होल्टेज समजवाचं होतं, मॅडम. कामाचं आधी बोललो असतो, तं तुमाले वाटलं असतं, हा कामासाठी मीटरचा काटा फिरवून राह्यला."

असं बोलणारी माणसं मी पुस्तकांतही फार पाहिलेली नाहीत.

सकाळी मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. मला पाहून उठली आणि खुर्ची दिली. मी बसले नाही. म्हटलं, "मी चार लोकांत एका चांगल्या माणसाचं नाव खराब केलं. आता चार लोकांतच ते साफ करायचंय. नववीचा एक तास दे."

"मॅडम, तुम्ही म्हणालात म्हणूनच तर आम्ही…"

"तेच तर. मी म्हणाले म्हणून. कोणी पाहिलं होतं का?"

तिने तास दिला. कारकुनांनाही मागच्या बाकावर बसायला सांगितलं, हे मात्र तिचं स्वतःचं डोकं. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले. दारात चप्पल काढली तेव्हा मुली खुदखुदल्या. त्यांनी लाकडी पाटीवर दोन होल्डर बसवून आणले होते. मावशींकडचे दोन्ही बल्ब, चाललेला आणि डबीतला, त्यांत लावले. आधी दोघांतून एकच प्रवाह जाईल अशी जोडणी केली. दोन्ही बल्ब गाजरासारखे लाल-पिवळे पेटले.

"आता हे दोघं एका भाकरीवर हायेत," ते म्हणाले. "अर्धी अर्धी भेटते. असे हे लय वर्स जगतीन. तुमची लग्नं होतीन, तरी जळत राह्यतीन."

मुली हसल्या. मग त्यांनी एक तार बदलली, डबीतला नवा बल्ब एकटाच लावला, आणि तो पांढरा फटफटीत झाला. "आता याले अख्खी भाकर. अन् मॅडमच्या घरी याले भाकरीवर अजून चतकोर. पोट फुटनच ना?"

मी माझे सात काळवंडलेले बल्ब बाकांवरून फिरवले आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की मी यांना शिळा माल म्हटलं होतं. तारखा माझ्या बरोबर होत्या, निष्कर्ष चुकला होता. मी बल्बवर कधी लावला ते लिहिलं, पण कुठे, कोणत्या खांबाच्या जवळ, ते लिहिलं नाही. आठवा बल्ब, पांढऱ्या धुराचा, मी सगळ्यांत शेवटी दाखवला. म्हटलं, हा एक खरोखर खराब निघाला, आणि हे मला मिस्त्रींनी स्वतःच, मी न विचारता, सांगितलं. कारकून मान खाली घालून खिशातला पेन उघडत-मिटत होते.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून मावशींची नात उभी राहिली. "चाचा, मंग बल्ब आमच्या घरचा चांगला का मॅडमच्या घरचा?"

मिस्त्रींनी तिला ओळखलं. त्यांनी पाटीचं बटण बंद केलं, मगच बोलले.

"बल्बाले तुमचं घर चांगलं, बेटी. वाचनाऱ्याले मॅडमचं. अन् न्यायानं पाहाल, तं दोघायलेही मधातलं पाह्यजे."

त्या दुपारीच मुख्याध्यापिकेने शाळेचं काम पुन्हा त्यांच्याकडे दिलं. आणि मी मला येतं ते केलं, अर्ज लिहिला. त्यात दोन्ही घरांचे आकडे, सकाळचे आणि संध्याकाळचे, रोज मिस्त्रींनी मोजलेले आणि मी उतरवलेले. सह्या कॉलनीच्याही आणि वस्तीच्याही. वर्षभर चकरा झाल्या. तुमचे आजोबा म्हणाले, इतक्या वेळात त्यांनी स्वतः खांब रोवला असता. शेवटी वस्तीजवळ वेगळी डीपी बसली. त्याच आठवड्यात मावशी माझ्याकडे हा बल्ब घेऊन आल्या. शाळेतल्या त्या तासानंतर तो परत त्यांच्या आढ्याला गेला होता आणि पुन्हा वर्षभर जळला होता. "नात म्हनते, आता आमाले साठचा नको, शंभरचा पाह्यजे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तो कापसात आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा लावून दाखवीन, लागतो.

मिस्त्री आता थकले आहेत, तरी सकाळचे दुकानात बसतात. त्या शाळेच्या तासानंतर त्यांनी एक रीत धरली. बल्ब मागणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विचारत, "घर डीपीच्या जवळ का दूर?" जवळ म्हटलं तर खालच्या फळीवरचा, दोनशे पन्नास व्होल्ट छापलेला बल्ब देत. दूर म्हटलं तर जास्त वॉटचा. मग टेस्टरच्या टोकाने टोपीवर तारीख कोरत. "लवकर गेला तर घेऊन या, पाहू, कोणाचा गुन्हा हाये ते," म्हणत. लोक आणतही. मी एकदा काउंटरमागे पाहिलं, तर गेलेल्या बल्बची दोन खोकी ठेवलेली: एकात काळे, एकात पांढरे. पांढऱ्यांचं खोकं लहान होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या बदली त्यांनी नवा दिला होता.

मागच्या महिन्यात मी ओसरीसाठी एलईडी आणायला गेले. या दिव्यांना कमी-जास्त व्होल्टेज बरंच चालतं, आतच त्याचा बंदोबस्त असतो, हे त्यांनीच मला सांगितलं. तरी त्यांनी सवयीने विचारलं, "मॅडम, घर डीपीच्या…" आणि थांबून स्वतःशीच हसले. मग चष्मा वर सरकवला, टेस्टर घेतला आणि त्या गुळगुळीत पांढऱ्या प्लॅस्टिकवर सावकाश तारीख कोरून दिली.